खबर कोणाच्या कानात सांगायची?



बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वह्या मिटल्या, की खऱ्या गोष्टी सुरू होतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कोणाच्या घरातून रात्री मारहाणीचा आवाज येतो, कोणती मुलगी अचानक शाळेत येईनाशी झाली, हातभट्टीची दारू कुठे मिळते, रात्री किनाऱ्यावरची रेती कोण उपसतं. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. पण "मग कळवायचं का पोलिसांना?" असं कोणी म्हटलं की बैठक गप्प होते. "आपलं नाव बाहेर आलं तर?" या एका प्रश्नाशी सगळं येऊन थांबतं.

या प्रश्नाला भित्रेपणा म्हणू नये. ज्याच्याविरुद्ध सांगायचं तो शेजारी असतो, भावकीतला असतो, कधी आपल्याच घराला उसने पैसे दिलेला असतो. शहरात माणूस खोली बदलू शकतो. आपलं घर, वाडी आणि विहीर सगळं इथेच आहे. म्हणून आज आपण या भीतीचा आणि तिच्यावर लोकांनी शोधलेल्या उपायांचा इतिहास पाहणार आहोत. नाव न सांगता खबर देणं ही काही मोबाइलबरोबर आलेली गोष्ट नाही. ती फार जुनी आहे. तिने माणसं वाचवली आहेत, आणि चुकीच्या हातात गेल्यावर माणसं उद्ध्वस्तही केली आहेत.

आधी जुनं गाव पाहू. पूर्वी गावाच्या वेशीवर वेसकर असे. गावात कोण आलं, कोण गेलं, परका माणूस कोणाकडे उतरला, याची नोंद त्याच्या डोक्यात असे. चोरी झाली की जागल्या आणि रामोशी पावलांचा माग काढत निघत. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरला की पुढची जबाबदारी त्या गावाची. त्या गावाने माग पुढे काढून द्यावा, नाहीतर चोरीची भरपाई करावी, अशी रीत होती. गुन्हा शोधणं हे सगळ्या गावाचं काम होतं, ही त्यातली चांगली बाजू. पण खबर देणारा कोण हे सगळ्या गावाला माहीत असे, आणि ती देण्याचं काम बहुतेक वेळा गावकुसाबाहेरच्या माणसांवर टाकलेलं होतं. पाटलाच्या किंवा सावकाराच्या घरातला गुन्हा वेसकराने पाहिला, तर तो सांगणार कोणाला? ज्याला सांगायचं तोच समोर.

इंग्रजांच्या काळात 1867 साली मुंबई इलाख्यासाठी ग्रामपोलिसांचा कायदा झाला आणि पाटलाचं पोलिसी काम कागदावर आलं. स्वातंत्र्यानंतर वंशपरंपरेची पाटीलकी गेली. 1967 च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने आजचा नेमणुकीचा पोलीस पाटील आला. गावातल्या गुन्ह्याची आणि संशयास्पद गोष्टींची माहिती वर कळवणं हे त्याचं काम. आज अनेक गावांत ही खुर्ची बायका सांभाळतात, आणि ही खूप मोठी गोष्ट आहे. जी गोष्ट आपण पुरुष पाटलासमोर उंबऱ्यावर उभं राहून सांगणार नाही, ती बाईला चुलीपाशी बसून सांगता येते.

आता आपल्या वसईकडे वळू, कारण गुप्त खबरीचं सगळ्यात कडू उदाहरण आपल्याच किनाऱ्याने पाहिलं आहे. 1534 पासून 1739 पर्यंत, म्हणजे चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेईपर्यंत, इथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय सुरू झालं. त्याची सत्ता उत्तरेकडच्या वसई आणि दमणपर्यंत पोहोचत होती. या न्यायालयात कोणीही कोणाविरुद्ध गुपचूप सांगावं, अशी पद्धत होती. ज्याला पकडलं त्याला तक्रार कोणी केली हे कधीच सांगत नसत. आपल्यावर नेमका आरोप काय आहे, हेही त्यानेच आठवून कबूल करायचं.

शार्ल देलाँ नावाचा एक फ्रेंच वैद्य दमणला राहत होता. 1673 साली त्याला पकडलं. गोव्याला नेताना त्याला आपल्या वसईच्या तुरुंगातही ठेवलं होतं. 1676 मध्ये त्याला शिक्षा झाली. सुटका होऊन मायदेशी परतल्यावर त्याने 1687 साली आपली हकीकत पुस्तकात छापली आणि सगळ्या युरोपने ती वाचली. आपल्याविरुद्धच्या तक्रारीमागे धर्माचं कारण थोडं आणि वैयक्तिक आकस जास्त होता, असं त्याचं म्हणणं होतं.

तिथे नेमकी चूक कुठे होती हे नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर आपण म्हणू की गुप्त खबर देणंच वाईट. दोष नाव झाकण्याचा नव्हता. झाकलेल्या नावाची ती खबर हाच पुरावा मानला जात होता, दोष त्याचा होता. कोणीतरी कुजबुजलं म्हणून माणूस दोषी. त्याला उलट प्रश्न विचारता येत नव्हता, खोटं सांगणाऱ्याला खोडून काढता येत नव्हतं.

पुढे 1872 साली आपल्याकडे भारतीय पुरावा अधिनियम आला. त्याच्या कलम 125 मध्ये एक छोटी पण मोलाची गोष्ट होती. गुन्हा घडल्याची माहिती कुठून मिळाली, हे सांगायला पोलीस अधिकाऱ्याला किंवा दंडाधिकाऱ्याला भाग पाडता येत नाही. 1 जुलै 2024 पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात हीच गोष्ट कलम 131 मध्ये आहे. म्हणजे खबर देणाऱ्याचं नाव झाकण्याला कायद्याचा आधार दीडशे वर्षांपासून आहे. पण त्याच कायद्यात दुसरी बाजूही पक्की आहे. जो साक्ष देतो त्याला न्यायालयात समोर उभं राहून उलटतपासणीला तोंड द्यावं लागतं. खबर आणि साक्ष या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. खबर मिळाली की पोलिसांनी जाऊन पाहायचं, तपासायचं, पुरावा गोळा करायचा. शिक्षा होते ती त्या पुराव्यावर.

हा फरक ओळखून जगात पहिली मोठी व्यवस्था उभी राहिली ती अमेरिकेत. न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात 1976 साली पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा खून झाला. तपास पुढे सरकेना. एका पोलीस अधिकाऱ्याच्या मनात आलं की कोणीतरी काहीतरी पाहिलं असणारच, पण तो घाबरत असेल. त्याने स्थानिक टीव्हीवर घटनेचं दृश्य पुन्हा उभं करून दाखवलं आणि सांगितलं, माहिती द्या, नाव विचारणार नाही, बक्षीस देऊ. थोड्याच वेळात एक फोन आला. त्या माणसाने पाहिलेल्या एका गाडीच्या वर्णनावरून गुन्हेगार सापडले. यातूनच 'क्राइम स्टॉपर्स' ही चळवळ सुरू झाली आणि अनेक देशांत पोहोचली. तिची घडण पाहण्यासारखी आहे. तपास पोलीस करतात, बातमी लोकांपर्यंत वर्तमानपत्रं, रेडिओ आणि टीव्ही पोहोचवतात, आणि बक्षिसाचा पैसा गावातल्या नागरिकांचं मंडळ सांभाळतं. फोन करणाऱ्याला नावाऐवजी एक क्रमांक मिळतो. पुढचं बोलणं आणि बक्षीसही त्या क्रमांकावरच. तिघांपैकी एक जरी गळला तरी गाडा अडतो.

आपल्या शेजारी, भिवंडीत, लोकांनी आणि पोलिसांनी मिळून केलेलं काम याहून वेगळं आणि आपल्याला जास्त जवळचं आहे. भिवंडीत 1970 आणि 1984 साली मोठ्या दंगली झाल्या होत्या. 1988 साली तिथे पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. त्यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसं त्यात घेतली. मोठे पुढारी नव्हे, तर दुकानदार, यंत्रमागावर काम करणारे, त्याच गल्लीत राहणारे. प्रत्येक समितीला ठरलेला पोलीस कर्मचारी जोडलेला. बैठका नियमाने, भांडण नसतानाही. नळावरची, कचऱ्याची तक्रारसुद्धा तिथेच. हळूहळू माणसं पोलिसाला नावाने ओळखू लागली आणि पोलीस माणसांना. 6 डिसेंबर 1992 नंतर मुंबईत दंगली पेटल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे त्यांत 900 माणसं मेली. दोनदा जळालेली भिवंडी मात्र शांत राहिली. पुढे 1994 पासून मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांचं काम उभं राहिलं.

भिवंडीत बक्षीस नव्हतं, गुप्त क्रमांक नव्हता. तिथे ओळख होती. कुठे दगड जमा होतायत, कोण चिथावतोय, हे वेळेवर सांगायला माणसाला जागा होती आणि सांगितलेलं फुटणार नाही असा भरवसा होता. हा भरवसा दंगलीच्या रात्री तयार झाला नव्हता. चार वर्षं कचऱ्याच्या नि नळाच्या तक्रारी ऐकून तो साठला होता. आपण महिन्याला थोडे थोडे पैसे टाकतो आणि अडचणीच्या वेळी ते कामाला येतात, तसंच.

भरवसा नसला की काय होतं, ते किनाऱ्यावरच्या आपल्यासारख्या गावांनी पाहिलंय. 1993 च्या सुरुवातीला रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. 12 मार्चला मुंबईत स्फोट झाले, 257 जीव गेले. पुढे खटल्यात कस्टम आणि पोलीस खात्यातल्या काही माणसांनाही न्यायालयाने दोषी ठरवलं, कारण माल सुटावा म्हणून त्यांनी पैसे घेतले होते. आता विचार करा, त्या किनाऱ्यावर कोणी गरीब माणसाने रात्री पेट्या उतरताना पाहिल्या असतील, तर त्याने सांगायचं कोणाला? ज्याच्या कानात सांगायचं तोच विकला गेला असेल, तर नाव झाकून तरी काय उपयोग?

26 नोव्हेंबर 2008 ला पुन्हा समुद्रातूनच दहशतवादी आले. कुलाब्याजवळच्या मच्छीमार वस्तीत ते उतरले तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना पाहिलं, हटकलंही. उडवाउडवीची उत्तरं मिळाली. त्या हल्ल्यात 166 माणसं मारली गेली. त्यानंतर किनाऱ्याकडे सरकारचं लक्ष वळलं. सागरी पोलीस ठाण्यांना बळ दिलं गेलं, मच्छीमार आणि गावकऱ्यांची सागर रक्षक दलं उभी राहिली, सागरी पोलिसांसाठी 1093 हा फोन क्रमांक आला. आपल्या भागातही अर्नाळा सागरी पोलीस ठाणं आहे. 1 ऑक्टोबर 2020 ला मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं, तेव्हा त्याचे पहिले आयुक्त होते सदानंद दाते. 26 नोव्हेंबरच्या रात्री कामा रुग्णालयात दहशतवाद्यांशी लढताना जखमी झालेले ते हेच अधिकारी.

कळंबच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी परक्या गाड्यांची रांग लागते. परका माणूस दिसला की संशय घ्यायचा ठरवलं, तर आपल्याला दुसरं कामच उरणार नाही. पण भाजी-फुलांच्या टोपल्या घेऊन पहाटेची गाडी पकडायला निघणाऱ्या बायका, मासळी वाळत घालणाऱ्या बायका, अंगणवाडीच्या ताई, यांना रोजचं काय आणि वेगळं काय हे लगेच कळतं. जुन्या वेसकराचं काम आज नकळत बायकाच करतात. प्रश्न एवढाच की पाहिलेलं पोहोचतं का.

बायका-मुलांवरचे गुन्हे बहुतेक घराच्या भिंतीआड घडतात. तिथे गुप्त खबरीची वाट तयार व्हायला आणखी वेळ लागला. 1996 साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आधाराने जेरू बिलिमोरिया यांनी चाइल्डलाइन सुरू केली. रस्त्यावरच्या मुलांच्या तोंडी 'दस-नौ-आठ' म्हणून बसलेला तो 1098 क्रमांक आज देशभर चालतो. फोन फुकट, मुलाने स्वतः करावा किंवा कोणीही करावा. बालविवाह ठरतोय, मूल कामाला जुंपलंय, कोणी त्रास देतंय, असं काहीही तिथे सांगता येतं.

2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याच्या कलम 4 मध्ये म्हटलंय की हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि चांगल्या हेतूने कळवलं असेल तर तिच्यावर कोणतीही कारवाई होत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याने आणखी पुढचं पाऊल टाकलं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही गप्प बसणं हाच गुन्हा ठरला. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूने सांगणाऱ्याला इथेही संरक्षण आहे, आणि सूडापोटी खोटं सांगणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा आहे.

15 ऑगस्ट 2007 पासून आपल्याकडे महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली. बांधाचं, पाण्याचं भांडण गावात मिटलं तर चांगलंच. पण पोरीवरच्या अत्याचाराला तंटा म्हणता येत नाही. "गावातच मिटवू" या शब्दांखाली असा गुन्हा दडपला जात असेल, तर तिथे गुप्त खबर द्यायलाच हवी.

दारूच्या बाबतीत तर आपल्या राज्याने बायकांना नाव झाकून बोलायची एक वेगळीच सोय दिली. 2008 च्या नियमांप्रमाणे गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर परवाना असलेलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी बाटली आडवी केली की दुकान बंद. नवऱ्याला, दुकानदाराला, पुढाऱ्याला कळत नाही कोणी काय केलं. एकटीचं झाकलेलं मत सगळ्या जणींच्या मतांबरोबर मोजलं जातं, आणि त्याची ताकद दिसते.

आता शेवटची आणि सगळ्यात जपून सांगायची गोष्ट, अफवेची. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार केलं. ते भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे होते. 16 एप्रिल 2020 ला, टाळेबंदीत, आपल्याच पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांना जमावाने मारलं. चोर आणि मुलं पळवणारे फिरतायत अशा अफवांनी त्या भागात आधीपासून भीती पसरली होती. लोक रात्री पहारा देत होते.

अफवेलाही नाव नसतं. "कोणीतरी सांगितलं", "ग्रुपवर आलंय." ती कोणाच्या कानात जाते यावर सगळं ठरतं. संशय तपास करणाऱ्याकडे गेला, तर चौकशी होते आणि निरपराध माणूस सुटतो. तोच संशय जमावाकडे गेला, तर चौकशीच होत नाही. वसईच्या त्या जुन्या धर्मन्यायालयात आणि हातात काठ्या घेतलेल्या जमावात हेच सारखं आहे. दोन्हीकडे कुजबुज हाच निकाल.

म्हणून आपल्या गटांनी काय करावं, ते थोडक्यात सांगतो आम्ही.

वर्षातून एक-दोनदा पोलीस पाटील, सागरी पोलीस ठाण्यातल्या महिला पोलीस आणि संरक्षण अधिकारी यांना बैठकीला बोलवा, तेही काही घडलेलं नसताना. त्यांचा आवाज ओळखीचा झाला की फोन करताना जीभ अडखळत नाही. खबर देताना पाहिलं तेवढंच सांगा: कुठे, केव्हा, किती जण, गाडी कसली. "मला वाटतं" आणि "मी पाहिलं" हे वेगळं ठेवा. तातडीचं असेल तर 112, बाईच्या मदतीला 181, मुलासाठी 1098. फोन केला की आपला नंबर समोर दिसतो, हेही लक्षात असू द्या. "माझं नाव गुप्त ठेवा" असं आधीच स्पष्ट सांगा. कळवल्यावर गटातही त्याची चर्चा नको. आपलं नाव पोलीस ठाण्यातून फुटण्याआधी आपल्याच ओटीवरून फुटतं, असं बरेचदा होतं.

मारहाण होणाऱ्या सज्ञान बाईच्या बाबतीत, जिवाचा प्रश्न नसेल तर आधी तिला विचारा. पोलीस येऊन गेल्यावर रात्री त्या घरात तीच असणार आहे. आपलं नाव झाकलं तरी तिचं झाकता येत नाही. ती कुठे जाईल, तिच्यासोबत कोण राहील, हे ठरवून मग कळवा. आणि पुढे कोणाला साक्ष द्यावी लागली आणि धोका वाटला, तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना आहे, तिची चौकशी करा.

एका ठिकाणी ऐकून घेतलं नाही, तर तिथेच थांबू नका. पोलीस पाटील आरोपीचा नातेवाईक असेल तर पोलीस ठाणं आहे, ठाण्यात दाद लागली नाही तर आयुक्तालय आहे. शेखाडीच्या किनाऱ्याने शिकवलंय की सांगायला एकच कान असणं धोक्याचं.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत हिशेब झाल्यावर हा विषय काढा. निदान हे चार फोन नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडून पाठ करून घ्या. बायकोला मारणारा, पोरीला छळणारा, रात्री किनारा लुटणारा, हे सगळे आपल्या गप्प बसण्याच्या भरवशावर जगतात. त्यांचा तो भरवसा मोडायचा तर आधी आपला एकमेकींवरचा भरवसा वाढवू या.